भाड्यासाठीं घर घ्यावें कोठें?

नोकरींतून निवृत्त होणाऱ्या मनुष्याच्या हातीं मोठी रक्कम आयुष्यांत बहुधा एकदांच येते. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार असें सारें मिळून जें कांहीं पदरांत पडतें, त्यावर पुढील वीस-पंचवीस वर्षांचा योगक्षेम चालवावयाचा असतो. अशा वेळीं मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनांत पहिला विचार येतो तो दुसऱ्या घराचा. एक घर राहावयास आहेच. दुसरें घेऊन भाड्यानें द्यावें, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पैसा येत राहील आणि मुद्दलहि वाढत जाईल. हा विचार वाईट नाहीं. वाईट असते ती पुढची रीत. रविवारीं सहकुटुंब घरें पाहावयास निघावयाचें, स्वयंपाकघराचा ओटा, देवघराची दिशा आणि बाल्कनींतून दिसणारी टेकडी पाहून खूष व्हावयाचें, आणि जें घर स्वतःच्या मनास आलें त्याचा विसार देऊन मोकळें व्हावयाचें. ज्या घरांत स्वतःला राहावयाचेंच नाहीं, तें स्वतःच्या आवडीनें निवडण्यांत स्वारस्य काय? त्या घरांत जो राहणार तो कोण, तो सकाळीं कोठें जातो, महिन्याकाठीं त्याला किती देणें झेपतें, आणि तो तें घर सोडून केव्हां जाईल, हे प्रश्न विसार दिल्यानंतर सुचतात. वास्तविक वस्ती निवडावयाची ती याच प्रश्नांवरून.

घरभाड्यावर निर्वाह करण्याची परंपरा महाराष्ट्रांत जुनी आहे. मुंबईंत गिरगांव-परळच्या चाळींचे आणि पुण्यांत पेठांतील वाड्यांचे मालक एकेकाळीं शहरांतील प्रतिष्ठित लोक समजले जात. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली, १८९८ मध्यें तेथें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढें दादर-माटुंग्याच्या बाजूस आंखीव रस्त्यांच्या नव्या वस्त्या वसल्या. त्या वस्त्यांत ज्यांनीं इमारती बांधल्या, त्यांनीं जागा निवडण्यांत चूक केली असें कोणी म्हणणार नाहीं. आगगाडी, शाळा, बाजार, मैदान, सर्व कांहीं हाकेच्या अंतरावर. तरीहि त्यांच्या नातवंडांना त्या भाड्यांतून इमारतीची डागडुजी करणेंहि अशक्य झालें. कारण १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलें आणि भाडेकरूला घराबाहेर काढणें अतिशय अवघड करून ठेवलें. युद्धोत्तर टंचाईसाठीं केलेला हा तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला. भाडेकरूंना त्याचा आधार मोठा होता, हें खरेंच. परंतु इमारत लाखांची आणि मालकाचें उत्पन्न शेकड्यांत, असें विचित्र दृश्य त्यामुळें घरोघर दिसूं लागलें. पुण्याच्या पेठांतून पुष्कळ वाडे ढासळले ते केवळ म्हातारपणानें नव्हे.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. जुन्या भाडेकरूंचें संरक्षण त्यानें कायम ठेवलें आणि मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ करण्याची मुभा दिली. नव्या मालकाच्या दृष्टीनें मात्र त्यांतील दुसरा भाग महत्त्वाचा आहे. लिव्ह अँड लायसन्स करारानें राहावयास दिलेल्या घराचा ताबा, मुदत संपल्यावर, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून परत मिळवितां येतो. आणि मुदतीनंतरहि जो घर अडवून बसेल, त्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. असा करार लेखी असला पाहिजे, नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाहीं, ही समजूत महाराष्ट्रापुरती तरी निराधार आहे.

या इतिहासाचा वस्ती निवडण्याशीं संबंध आहे. शहराच्या जुन्या भागांत एखादें घर शेजारच्या घरांच्या मानानें आश्चर्यकारक स्वस्त मिळत असेल, तर आधीं आंत कोण राहतो तें पाहावें. पुष्कळदां त्या स्वस्ताईचें कारण आंतच आरामखुर्चीवर बसलेलें असतें. जुन्या भाडेकरूसह घर घेणारा मनुष्य १९९९ च्या कायद्यांतील नवी सोय घेत नसतो. १९४७ चें ओझें घेत असतो. पागडीच्या जागेचीहि तीच गोष्ट. तेथें पैसे मोजून हातीं येतो तो भाडेकरूचा हक्क. मालकी जेथल्या तेथेंच राहते.

उदाहरणासाठीं पुणें शहर घेतलें, तर भाडेकरूंचे निरनिराळे प्रकार सहज ओळखूं येतात, आणि प्रत्येकाची वस्ती वेगळी दिसते. अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचें, फर्ग्युसन १८८५ पासूनचें; तेव्हां परगांवच्या विद्यार्थ्याचें बिऱ्हाड ही पुण्याला नवी गोष्ट नव्हे. परंतु सदाशिव-नारायण पेठेंत आज जो विद्यार्थी खोली शोधत हिंडतो, तो पुष्कळदां महाविद्यालयाचा नसून स्पर्धापरीक्षेचा असतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून तो येतो. दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेंत काढतो, खानावळींत जेवतो, आणि खोलीचा उपयोग पाठ टेकण्यापुरता करतो. त्याला टेकडीचा देखावा नको आणि मोटार ठेवावयास जागाहि नको. अभ्यासिका आणि खानावळ पायीं पांच मिनिटांवर असली म्हणजे झालें. एका खोलींत तिघे-चौघे कॉटप्रमाणें पैसे देतात, त्यामुळें जुन्या, लहान घराचें भाडें त्याच्या किमतीच्या मानानें बरें येतें. घराची झीजहि अर्थात् तशीच होते. नळ, संडास, विजेचीं बटनें यांची दुरुस्ती दर वर्षीं निघते, आणि मालकानें महिन्यांतून एक फेरी मारली नाहीं तर चौघांचे सहा केव्हां झाले हें त्याला कळत नाहीं.

आय. टी. कंपन्यांत काम करणाऱ्या तरुणाचें गणित अगदीं निराळें. हिंजवडीचें राजीव गांधी इन्फोटेक पार्क, खराडी, हडपसरजवळची मगरपट्टा सिटी हीं त्याचीं ठिकाणें. आणि त्यांच्या भोंवतीं वाकड, बाणेर, विमाननगर, वाघोली अशा वस्त्या वाढल्या त्या त्याच्याच जोरावर. तो भाडें वेळेवर देतो. लिफ्ट, अखंड वीज, वाहनाची जागा, दारांत पहारेकरी या गोष्टी त्याला हव्या असतात, आणि त्यांसाठीं चार पैसे अधिक देण्यास तो कांकूं करीत नाहीं. परंतु तो स्थिर नसतो. नोकरी बदलली कीं घर बदलतो, लग्न झालें कीं मोठें घर शोधतो, आणि पगार वाढला कीं स्वतःचेंच घर घेतो. पिंपरी-चिंचवडचा कारखानदारीचा पट्टा याहून जुना. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. त्यामागोमाग मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले आणि पुढें हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. तेथील कामगाराला परवडेल असें भाडें बेताचेंच असतें. परंतु तशा लहान घरांना मागणी खंडत नाहीं.

चौथा भाडेकरू कुटुंबवत्सल. मुलांच्या शाळेवर नजर ठेवून तो कोथरूड, सहकारनगर किंवा औंध अशा भागांत घर पाहतो, आणि एकदां शाळेंत नांव घातलें कीं मुलीची दहावी होईपर्यंत हलत नाहीं. घरमालकाला सर्वांत सुखाचा तोच. त्याच्याकडून मिळणारें भाडें कदाचित् तरुणांच्या टोळक्यापेक्षां दोन-तीन हजारांनीं कमी असेल. परंतु चार वर्षांत घर एकदांहि रिकामें न राहणें आणि चार वर्षांत चार वेळां दलाली, रंग व नवा करार करणें, यांतील फरक त्या दोन-तीन हजारांपेक्षां बहुधा मोठाच भरतो.

या प्रकारांपैकीं कोणता चांगला, असा प्रश्न करण्यापेक्षां एकाच प्रकारावर जगणारी वस्ती कोणती, हें ओळखणें अधिक महत्त्वाचें आहे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी जाहीर झाली तेव्हां याचा प्रत्यय पुण्यानें घेतला. पेठांतील अभ्यासिका व खानावळी बंद पडल्या आणि मुलें ट्रंका उचलून गांवीं गेलीं. हिंजवडीच्या कंपन्यांनीं माणसांना घरून काम करावयास सांगितलें. ज्यांचें घर सांगलीला किंवा नागपूरला होतें, त्यांना पुण्याचें भाडें भरण्याचें कारणच उरलें नाहीं. कंपन्यांभोंवतालच्या उंच इमारतींत रात्रीं मजलेच्या मजले अंधारे दिसूं लागले. कर्ज काढून तेथें घर घेतलेल्या मालकांचे हप्ते मात्र चालूच होते. उलट, जेथें शाळा, रुग्णालय, बँका, जुनी बाजारपेठ आणि थोडेफार विद्यार्थी असें सर्व मिसळलेलें होतें, तेथें एक भाडेकरू गेला तरी दुसरा मिळण्याची आशा होती. पुढें कंपन्या पुन्हा उघडल्या, मुलेंहि परत आलीं. पण ज्याचा निर्वाह भाड्यावर होता, त्याला तीं दोन वर्षें भरून मिळालीं नाहींत. निवृत्त मनुष्यानें वस्ती निवडतांना सर्वांत अधिक भाडें देणारी शोधण्यापेक्षां, दोन-तीन स्वतंत्र कारणांसाठीं लोक जेथें राहावयास येतात अशी शोधावी, तें याचकरितां.

यानंतरची गोष्ट अंतराची. जाहिरातींत अंतर किलोमीटरमध्यें दिलेलें असतें. भाडेकरू तें मिनिटांत मोजतो. वाकडच्या पुलापासून हिंजवडी नकाशावर अगदीं जवळ दिसते. परंतु कामाच्या दिवशीं सकाळीं नऊ वाजतां तो रस्ता ज्यानें कापला आहे, त्याला नकाशाचें सांगूं नये. घर पाहण्यास रविवारची दुपार ही सर्वांत फसवी वेळ. सोमवारीं सकाळीं त्या घरापासून ज्या ठिकाणीं भाडेकरू जाण्याचा संभव असेल तेथपर्यंत एकदां स्वतः जाऊन यावें. सव्वा तास लागला, तर पुढें जवळच दुसरी इमारत उभी राहतांच आपला भाडेकरू तिकडे जाणार हें गृहीत धरावें.

मेट्रोची गोष्ट याच संदर्भांत सांगण्याजोगी आहे. पुण्यांत ६ मार्च २०२२ रोजीं वनाझ ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी अशा दोन तुकड्यांवर गाडी धांवूं लागली. १ ऑगस्ट २०२३ ला ती रूबी हॉलपर्यंत, ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ ला जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोंचली. हिंजवडी-शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका सुमारे २३ किलोमीटरची. तिच्या कामासाठीं विद्यापीठ चौकांतील उड्डाणपूल २०२० मध्यें पाडले गेले, आणि गणेशखिंड रस्त्यानें जाणाऱ्यांनीं त्यानंतर कितीतरी वर्षें कोंडी सोसली. येथें घर घेणाऱ्यानें एक भेद लक्षांत ठेवावा. घराची किंमत भविष्याच्या आशेवर चढते, भाडें मात्र आजच्या सोयीवर ठरतें. मेट्रो येणार अशी नुसती बातमी आली कीं विकणारा आपला भाव वाढवून मागतो. भाडेकरू मात्र स्थानकाचें दार उघडेपर्यंत एक पैसाहि जास्त देत नाहीं. मधलीं सहा-सात वर्षें मालक भविष्याची किंमत मोजून वर्तमानाचें भाडें घेत बसतो. म्हणून होऊं घातलेल्या स्थानकापेक्षां चालूं असलेलें स्थानक बरें. आणि तेंहि पायीं दहा मिनिटांच्या आंत, कारण त्यापलीकडे गेलें कीं पुण्याचा मनुष्य आपली दुचाकीच बाहेर काढतो.

पाण्याचा विचार लोक सर्वांत शेवटीं करतात. पुण्याची तहान खडकवासला, पानशेत, वरसगांव आणि टेमघर या धरणांवर भागते. परंतु शहराच्या हद्दींत घर आहे म्हणून त्या पाण्याचा नळ घरांत आहेच, असें नव्हे. २०१७ मध्यें ११ गांवें आणि २०२१ च्या जूनअखेर आणखी २३ गांवें महापालिकेंत आलीं. वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे हीं त्यांपैकींच. कागदावर एका दिवसांत शहर झालेल्या अशा भागांत नळ, गटारें आणि रस्ते मागाहून वर्षानुवर्षें येत राहतात. उन्हाळा लागला कीं सोसायटीच्या दारांत टँकर उभे राहतात. त्यांचा खर्च देखभालीच्या वर्गणींत मिळविला जातो आणि बहुतेक करारांत ती वर्गणी मालकाच्या माथीं असते. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याजवळच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जी. बी. एस. या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकीं आढळले आणि संशयाचें बोट पिण्याच्या पाण्याकडे वळलें. पाणी किती येतें याबरोबर तें कोठून येतें आणि कोण शुद्ध करतें, हेंहि भाडेकरू त्यानंतर विचारूं लागले असतील, तर त्यांत नवल नाहीं.

पाण्याचें दुसरें रूपहि आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें आणि नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, हें पुण्यांत अजून सांगितलें जातें. त्यामानानें २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबील ओढ्यानें सहकारनगर-अरण्येश्वर भागांत केलेला अनर्थ लोक लवकर विसरले. २५ जुलै २०२४ ला मुठा नदी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत शिरली. नदी किंवा ओढा जवळ असेल तर महापालिकेकडील नकाशावर पूररेषा कोठून जाते तें पाहावें, आणि कोपऱ्यावरच्या जुन्या किराणा दुकानदाराला पाणी कोठपर्यंत आलें होतें असें सहज विचारावें. तो हातानें भिंतीवरची खूण दाखवितो. अशी खूण विकणारा कधीं दाखवीत नाहीं.

आतां हिशेब. समजा एका प्रतिष्ठित वस्तींत ८० लाख रुपयांचें घर आहे. पुण्यांत ७ टक्के मुद्रांक म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि घर देण्याजोगें करण्यास १ लाख ६० हजार, असे एकूण साडेसत्त्याऐंशी लाख लागले. भाडें महिना २४ हजार. वर्षांतील एक महिना घर रिकामें राहील असें धरावें. न धरणारा स्वतःलाच फसवितो. अकरा महिन्यांचे २ लाख ६४ हजार झाले. त्यांतून सोसायटीची वर्गणी ४२ हजार, मिळकतकर १८ हजार, दुरुस्ती १४ हजार, दलाली व करारनोंदणी १० हजार वजा केले कीं हातीं राहतात १ लाख ८० हजार. गुंतविलेल्या रकमेवर हें उत्पन्न दोन टक्क्यांहून किंचित् अधिक. आयकर अजून निघावयाचाच आहे, जरी त्यांत मिळकतकर वगळून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते. दुसरें घर समजा ४५ लाखांचें, साधें, एका खोलीचें, पण कारखाने, रुग्णालय आणि बाजार यांच्या मध्यें. सर्व खर्च धरून ५० लाख लागले. भाडें १७ हजार. अकरा महिन्यांचे १ लाख ८७ हजार. वर्गणी, कर, दुरुस्ती, दलाली यांचे ४९ हजार गेले तर उरतात १ लाख ३८ हजार, म्हणजे पावणेतीन टक्के. आंकडे उदाहरणाचे आहेत आणि ते प्रत्येकानें आपल्या वस्तीप्रमाणें बदलून घ्यावे. परंतु दिशा बहुधा हीच निघते. वस्ती जितकी नांवाजलेली, तितकी किंमत भाड्यापेक्षां पुढें धांवते. प्रभात रस्ता किंवा कोरेगांव पार्क येथें घर असणें ही अभिमानाची गोष्ट खरी. तो अभिमान मालकाला विकत घ्यावा लागतो, आणि त्याचें संपूर्ण भाडें कोणी देत नाहीं.

दोन्ही आंकडे बँकेंतील मुदत ठेवीच्या व्याजापेक्षां कमी आहेत, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. कमी पडणारा भाग घराच्या किमतींतील वाढींतून निघेल अशी अपेक्षा असते; ती कधीं पुरी होते, कधीं होत नाहीं. शिवाय वाढलेली किंमत घर विकल्याखेरीज हातीं येत नाहीं, आणि म्हातारपणीं औषधाचें बिल घराच्या वाढलेल्या किमतीनें भागवितां येत नाहीं. भाडें वर्षावर्षाला वाढवितां येतें आणि ठेवीचें मुद्दल महागाईंत झिजतें, एवढा मुद्दा घराच्या बाजूनें निश्चित आहे. परंतु कर्ज काढून असें घर घेणें म्हणजे आठ-नऊ टक्क्यांनीं पैसा आणून दोन-तीन टक्क्यांनीं लावणें होय. पगार चालूं असलेल्या तरुणास हें एक वेळ पेलेल, निवृत्त मनुष्यास नाहीं.

कांहीं खर्च भाड्यानें देण्यामुळेंच उत्पन्न होतात. पुणें महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरांत ४० टक्के सवलत देते. भाडेकरू आला कीं ती जाते. सोसायटी बिनवहिवाट शुल्क घेते. तें सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असूं नये असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, आणि तो कित्येक सोसायट्यांच्या चिटणिसांना ठाऊक नसतो किंवा ठाऊक असून आठवत नाहीं. त्याहून महाग पडते ती सोसायटीची मर्जी. कोठें अविवाहितांना बंदी, कोठें मांसाहार करणाऱ्यांना, कोठें आडनांव विचारून नकार. या रीतीचा न्याय-अन्याय क्षणभर बाजूला ठेवला (तो ठेवूं नयेच), तरी ज्यानें भाड्यासाठीं घर घेतलें आहे त्याच्या दारावरून अशी सोसायटी निम्मे भाडेकरू परत पाठविते. विसार देण्यापूर्वीं चिटणिसाला भेटून हें विचारणें सौदा करण्याइतकेंच आवश्यक आहे.

वस्तीची परीक्षा करण्यास विद्वत्ता लागत नाहीं, थोडी चिकाटी लागते. एकाच दलालाकडे दोघांनीं वेगवेगळें जावें. एकानें घर विकत हवें म्हणून, दुसऱ्यानें भाड्यानें हवें म्हणून. पहिल्याला तेथें तीस हजार भाडें सहज येतें असें सांगितलें जातें, दुसऱ्याला तेंच घर चोवीस हजारांत देऊं केलें जातें. खरें भाडें दुसऱ्याचें. रात्रीं आठ वाजतां इमारतीसमोर उभें राहून किती खिडक्यांत दिवे नाहींत तें मोजावें. सुट्टीचा दिवस टाळून दोनदां मोजलें म्हणजे पुरे. पहारेकरी आणि इस्त्रीवाला यांना कोणत्या घरांत कोण येऊन किती दिवसांत गेलें याची जितकी माहिती असते, तितकी सोसायटीच्या दप्तरांतहि नसते. शेजारीं मोकळी जमीन पडलेली असेल तर ती कोणाची, हेंहि विचारावें. तेथें पुढील दोन वर्षांत चारशें नवीं घरें उभीं राहणार असतील, तर तेवढे नवे मालक त्याच भाडेकरूच्या मागें लागणार.

इतकें सर्व जुळून आलें तरी एक अंतर मोजावयाचें उरतें, तें मालकाच्या स्वतःच्या घरापासूनचें. मुलगा परदेशीं आणि आईवडील डोंबिवलीला, अशा कुटुंबानें खराडींत घर घेतलें, तर तेथील नळ गळूं लागला म्हणजे कोणी जावयाचें? दूरचें घर सांभाळण्यास माणूस ठेवला तर त्याचें वेतन वरच्या हिशेबांत आणखी एक वजाबाकी होऊन बसतें, आणि न ठेवला तर गळती भिंतींत शिरून खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करेपर्यंत कळत नाहीं. अर्ध्या-पाऊण टक्क्यानें कमी उत्पन्न देणारें, पण संध्याकाळीं फिरावयास गेल्यावर ज्याच्या दारावरून जातां येतें असें घर, पुष्कळ निवृत्त गृहस्थांना शेवटीं अधिक फायद्याचें ठरतें.